हिस्ट्री घेणे आणि गोष्ट ऐकणे

लातूरच्या शिकवण्यांतून मेडिकलला लागणाऱ्या आमच्यासारख्यांचे अवांतर वाचन बहुधा दहावीलाच संपते. डॉक्टरने कथा-कादंबऱ्या कशाला वाचायच्या, असे मलाही वाटत असे. ते मत बदलले इंटर्नशिपमधल्या एका रात्री.

कॅज्युअल्टीत एक तरुण शेतकरी आणला होता. तोंडाला फेस, बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या. फवारणीच्या औषधाची विषबाधा उघड होती आणि त्यावरचा उतारा म्हणून दिले जाणारे अ‍ॅट्रोपिन सुरूही झाले होते. "फवारताना वाऱ्यानं तोंडावर उडालं," असे भावाने सांगितले आणि मी ते हिस्ट्री, म्हणजे आजाराची हकीकत, म्हणून जसेच्या तसे लिहून घेतले. माझ्या वरिष्ठ निवासी डॉक्टरांनी केसपेपर वाचला, भावाला बाकावर शेजारी बसवले आणि एवढेच विचारले, "यंदा सोयाबीनचं कसं झालं, दादा?" तो ढसाढसा रडला. मग किती प्यायला, केव्हा प्यायला, घरात कशावरून बोलणे झाले, हे सगळे आपोआप बाहेर आले. पोलिसांच्या भीतीने नातेवाईक असे लपवतात, हे पुस्तकात असते. पण जीव वाचल्यावर त्याला मानसोपचार विभागाकडे पाठवायचे की नुसताच डिस्चार्ज द्यायचा, हे त्या एका प्रश्नावर ठरले.

पुढे कधीतरी भास्कर चंदनशिव यांची 'लाल चिखल' ही कथा वाचली. भाव पडल्यावर स्वतःचेच टोमॅटो पायांखाली तुडवणारा बाप त्यात आहे. तो वाचल्यावर वरिष्ठांचा प्रश्न कुठून आला असेल, ते मला उमगले. त्यांनी ही कथा वाचली होती की नाही, ठाऊक नाही. शेतकऱ्याच्या घरात वाढलेल्याला ती वाचावी लागत नसेलही. शहरात वाढलेल्या माझ्यासारख्याला मात्र लागते.

दुखण्याची भाषाही अशीच. कळ वेगळी, ठणका वेगळा, चमक वेगळी; अंगात कणकण आहे म्हणणारी आजी आणि जीव घाबरा होतो म्हणणारी सून एकच तक्रार सांगत नसतात. आपण मात्र या सगळ्या शब्दांपुढे इंग्रजीत 'पेन' लिहून मोकळे होतो.

2019 पासूनच्या एमबीबीएस अभ्यासक्रमात वृत्ती, नीतिमूल्ये आणि संवाद यांसाठी स्वतंत्र तास आले आहेत, ही चांगलीच गोष्ट आहे. पण संवादाचे गुण तक्त्यात भरून कान तयार होत नाहीत. वेळ कुठे आहे, हा आक्षेप मला मान्य आहे. झोपायलाच वेळ नसतो. तरी महिन्याला एक कथा एवढे जमते.

आमच्या कॉलेजच्या ग्रंथालयात मराठी पुस्तकांचे एक कुलूपबंद कपाट होते. किल्ली मागितली की मिळत असे. साडेपाच वर्षांत मी ती एकदाही मागितली नाही.