सोलकढीत कॅलरी नसतात

गुहागरात राहून वजन उतरवण्याचा संकल्प करणे म्हणजे अवघ्या निसर्गाशी असहकार पुकारणे होय, कारण येथे जे जे झाडाला लागते ते ते बहुतेक पोटाला लागते. तरीही मी तो संकल्प केला, ग्रॅम दाखवणारा काटा घरात आणला आणि भाकरीपासून बांगड्यापर्यंत प्रत्येक घासाची नोंद देवस्थानच्या खजिनदाराला लाजवील अशा चोखपणे मोबाइलमधल्या ॲपात करू लागलो. सुरुवातीला वजन भराभर उतरले आणि मग एका आकड्यावर जे ठाण मांडून बसले, ते काही केल्या हलेना. ॲपच्या हिशेबाने आतापर्यंत माझा लेंगा कमरेवरून घसरायला हवा होता. प्रत्यक्षात नाडी जेमतेम पुरत होती.

डॉक्टरांचे म्हणणे थोडक्यात असे, की वजन घटले की शरीराचा रोजचा खर्चही घटतो, त्यामुळे जाड माणसासाठी मांडलेला हिशेब त्याच माणसाला बारीक झाल्यावर लागू पडत नाही. शिवाय खारवलेल्या मासळीतले मीठ अंगात पाणी धरून ठेवते, म्हणून रोजच्या आकड्यावर न जाता आठवड्याची सरासरी पाहावी. हे सर्व मला पटले, पण जाता जाता त्यांनी "आमटीत नारळ किती असतो?" असे विचारले आणि चौकशीचा रोख थेट आमच्या स्वयंपाकघराकडे वळला.

ॲपमध्ये "आमटी, एक वाटी" अशी नोंद आहे. ती लिहिणारा गृहस्थ बहुधा घाटावरचा असावा, कारण त्याच्या आमटीत नारळाचा मागमूस नाही. ओल्या खोबऱ्यात दर १०० ग्रॅमला सुमारे ३५० कॅलरी असतात, आणि आमची आई नारळ खवते तो वजनावर नव्हे, गप्पांवर. विषय पावसाचा असला तर मूठभर खोबऱ्यावर भागते. शेजारच्या सुनेचा निघाला तर अख्खी वाटी खवून होते आणि तरी विषय संपत नाही. फोडणीच्या तेलाची तीच कथा. एका मोठ्या चमच्यात १२० च्या आसपास कॅलरी असतात, हे मी आईला सांगितले, तेव्हा तिने शांतपणे सांगितले की ती चमचा वापरतच नाही.

सोलकढीवर मात्र चर्चा होऊच शकली नाही. "अरे, ती पाचक असते, तिच्यात कसल्या आल्यात कॅलऱ्या?" असे म्हणून तिने नारळाच्या पहिल्या, दाट रसाची वाटी माझ्यापुढे सरकवली. या घरात सोलकढी ही अन्नात मोडतच नाही. ती जेवणाची पावती आहे.

बऱ्याच वाटाघाटींनंतर आमटीला २० ग्रॅम खोबरे, ही मर्यादा आईने मान्य केली. तिने ते माझ्यादेखत काट्यावर तोलले, एक कीसही वर जाऊ दिला नाही. मग उरलेल्या नारळाकडे पाहत ती म्हणाली, "हे वाया कशाला घालवायचं?" आणि संध्याकाळी वड्या थापल्या.

मी प्रामाणिकपणे ॲप उघडले. वडी लहान, मध्यम की मोठी, असे त्याने विचारले. आई खांद्यावरून डोकावून म्हणाली, "आपली नेहमीची." तो पर्याय तेथे नव्हता.