करडा होता तो गणवेश, काळा नाही

आत्ता एकांकिका बघून घरी आलोय. ताट तसंच झाकून ठेवलंय. हे लिहिल्याशिवाय घास उतरणार नाही.

पोरांनी जीव ओतून काम केलं होतं. १९४३ सालचं, जर्मनांनी जिंकलेल्या पोलंडमधलं क्राकोव्ह, माळ्यावर लपलेलं ज्यू कुटुंब, दारावर थाप. दार उघडलं आणि गेस्टापोचा, म्हणजे नाझींच्या गुप्त पोलिसांचा, अधिकारी आत आला. काळाकुळकुळीत गणवेश, दंडाला लाल पट्टी, गुडघ्यापर्यंत चकचकीत बूट. मागच्या रांगेतून शिट्टी आली. शिट्टी!

ही शिट्टी मी आधी ऐकलेली आहे. १९९६ साली कॉलेजच्या एकांकिकेत वेशभूषा माझ्याकडे होती. नाटक १९४२च्या प्रागमधलं. लक्ष्मी रोडवरून काळं सुटिंग आणलं, चार रात्री जागून कोट शिवला. आमचा अधिकारी स्टेजवर आला आणि अशाच शिट्ट्या पडल्या. मी विंगेत उभा राहून फुलून गेलो होतो. प्रयोग संपल्यावर आमच्या जर्मनच्या बाई आत आल्या, कोटाच्या कॉलरवरून बोट फिरवलं आणि म्हणाल्या, "फार देखणा झालाय रे. तिथंच चुकलं."

तेव्हा मला राग आला होता. आज कळतं.

काळा गणवेश एसएसचा, म्हणजे गेस्टापो ज्याच्या ताब्यात होती त्या नाझी पक्षाच्या सशस्त्र दलाचा होता, नाही कोण म्हणतं? १९३२ साली आला. डीबिच आणि हेक या दोघांनी आखलेला. (ह्यूगो बॉसनं आखला म्हणून जो फॉरवर्ड फिरतो तो चूक आहे. शिवणाऱ्या अनेक कारखान्यांपैकी तो एक.) पण १९३८पासून पूर्णवेळ माणसांच्या अंगावर करडा गणवेश येऊ लागला आणि युद्धात तोच राहिला. लाल पट्टी गेली, बाहीवर गरुड आला. काळे गणवेश पुढे गोळा केले आणि त्यांतले बरेचसे पूर्वेकडच्या स्थानिक सहायक पोलिसांना दिले. म्हणजे १९४३च्या क्राकोव्हमध्ये दार ठोठावणारा गेस्टापोवाला काळ्या कोटात यायचं काही कारणच नाही!

जर्मनीत तर गेस्टापोची माणसं बहुतेक वेळा साध्या कपड्यांत फिरायची. हॅट, ओव्हरकोट, खिशात धातूचा अंडाकृती बिल्ला. जिंकलेल्या मुलखात एसडीचा, म्हणजे सुरक्षा सेवेचा, करडा गणवेश घालायची, स्वतः एसडीत नसली तरी. ओळखायची खूण एवढीशीच. उजव्या कॉलरची पट्टी कोरी, तिच्यावर एसएसच्या त्या दोन विजा नाहीत. आणि डाव्या बाहीवर, मनगटाच्या वर, शंकरपाळीच्या आकाराचा काळा तुकडा, त्यावर एस आणि डी ही दोन अक्षरं. बस.

ती शंकरपाळी बाहीवर लावलेली माणसं बाबी यारला होती. कीव्हजवळची घळ, २९ आणि ३० सप्टेंबर १९४१, दोन दिवसांत ३३,७७१ ज्यू माणसं मारली. हा आकडा त्यांनी स्वतः हिशेबाच्या कागदावर लिहून बर्लिनला कळवलेला आहे. अशाच दुसऱ्या एका मारेकरी तुकडीचा प्रमुख ओटो ओलेनडोर्फ कायदा आणि अर्थशास्त्र शिकलेला होता. युद्धानंतर न्यूरेंबर्गच्या खटल्यात साक्षीत त्यानं सांगितलं की आपल्या तुकडीनं सुमारे ९०,००० माणसं मारली. १९५१ साली फाशी गेला. त्याचे फोटो बघा. बँकेत काउंटरच्या पलीकडे बसलेला असावा असा माणूस. अशा माणसाला कोण शिट्टी मारेल?

म्हणून मला संताप येतो. "एवढ्या बारकाईनं कोण बघतं" असं आज बाहेर चहा पिताना एकानं मला ऐकवलं. अरे, मावळ्याच्या हातात एके-४७ दिलीत तर अख्खं थिएटर उठेल की नाही? मग जिथं लाखो माणसं मेली तिथं आपल्याला कुठलाही कोट कसा चालतो? बाई म्हणाल्या तेच खरं. कोट देखणा केला की मारणारा देखणा होतो, आणि माळ्यावर लपलेली ती लेकरं प्रेक्षकांच्या मनातून निघून जातात.

ड्रेपरीवाल्याकडे जे असतं तेच मिळतं, मान्य. प्रकाशात करडा फिका पडतो, तेही मान्य. १९३६चं नाटक असेल तर काळा खुशाल घाला.

हे सगळं लिहिताना मघाशी जरा जास्तच चढलो असेन. ती भूमिका करणारा मुलगा प्रयोगानंतर पाया पडायला आला होता, घामानं भिजलेला, आणि मी त्याच्याशी धड बोललोसुद्धा नाही. त्याचं काम उत्तम होतं. पोरा, तू हे वाचत असशील तर रविवारी सकाळी घरी ये. दिग्दर्शकालाही आण. करडं कापड माझ्याकडे पडून आहे, अडीच मीटर पुरेल. बाहीवरची शंकरपाळी मी हातानं भरून देतो. आणि माझा तो काळा कोट अजून ट्रंकेत आहे, तोही दाखवीन. त्याच्या कॉलरवरून बाईंनी जसं बोट फिरवलं होतं तसं एकदा तूही फिरवून बघ.