शिष्यवृत्तीआधी पणजोबा तपासा

आदिवासी मुलांसाठी शिष्यवृत्ती सुरू करायचं मनात आलंय? उत्तम विचार. पण नुसते पैसे देऊन मोकळे होऊ नका. पोरगी गुपचूप शिकून बसेल आणि तुमचं नाव कुत्र्यालाही कळायचं नाही. सरकारकडून धडे घ्या, त्यांचा या कामातला अनुभव दांडगा आहे.

पत्रकात ठळक लिहा, 'घराण्यात पहिल्यांदाच शाळेची पायरी चढलेली मुलं'. वाचणाऱ्याचे डोळे भरून आले पाहिजेत. मग त्याच मुलीकडे पणजोबांचा शाळा सोडल्याचा दाखला मागा. जातवैधतेला, म्हणजे जातीचा दाखला खरा ठरवायला, ६ सप्टेंबर १९५० पूर्वीचा पुरावा लागतो, आणि आजोबा तर तेव्हा जन्मलेही नव्हते. पणजोबा धडगावच्या डोंगरात गुरं राखत होते, ही चूक त्यांची. पणतीचा विचार करून चार दिवस शाळेत नाव घालायला काय झालं होतं? शाळा नव्हती, ही सबब झाली.

अर्ज ऑनलाइनच ठेवा. आधारला जोडलेला मोबाइल थोरल्या भावाकडे, आणि भाऊ ऊसतोडीला गुजरातेत बारडोलीकडे. पोरगी टेकडीवरच्या मोहाखाली उभी, कारण रेंजच्या दोन काड्या तिथेच येतात. ओटीपी भावाला जातो. तो कोयता खाली ठेवतो, हात पुसतो, मेसेज उघडून एकेक आकडा वाचतो. चौथ्या आकड्याला फोन कट. परत लागेपर्यंत ओटीपीची मुदत संपलेली. याला पारदर्शकता म्हणतात.

नाव नीट जुळवून बघा. बापाच्या दाखल्यावर वसावे, आधारवर वसावा. एकाच माणसाला महाराष्ट्रात एक आडनाव आणि गुजरातेत दुसरं? अर्ज परत. शेरा एवढाच, 'त्रुटी'. कसली ते लिहू नका, मुलांची शोधक वृत्ती मारली जाते.

उत्पन्नाची मर्यादा सरकारी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीसारखी २.५ लाख ठेवा. दाखल्यासाठी बापाला तहसीलला खेटे घालू द्या. रोजची मजुरी बुडत गेली की उत्पन्न आपोआप मर्यादेत बसतं.

समारंभ ९ ऑगस्टला, जागतिक आदिवासी दिनी. फ्लेक्सवर जयपालसिंग मुंडा हवेतच. रांचीकडचा हा मुलगा मिशनऱ्यांच्या मदतीने ऑक्सफर्डला गेला, १९२८ च्या ऑलिंपिकमध्ये भारताच्या हॉकी संघाचा कर्णधार झाला, पुढे संविधान सभेत आदिवासींची बाजू मांडली. सगळं ओटीपीशिवाय! पण हे भाषणात नको. मुलीला भौतिकशास्त्रात पुढे काय करायचंय, हेही विचारत बसू नका, वेळ जातो. तिला ढोलावर नाचायला सांगा, पाहुणे खूश होतात.

धनादेश थर्माकोलचा करा, चांगला पाच फुटी. फोटोत मागून तिचे नुसते डोळे दिसले तरी चालेल, रक्कम आणि तुमचं नाव दिसलं पाहिजे.

खरी रक्कम परीक्षा उरकल्यावर सोडा. तोवर मेसचे पैसे थकून पोरगी गावी परतलीच, तर तिला 'गळती' म्हणा आणि त्यावर वातानुकूलित सभागृहात परिसंवाद घ्या.

आणि हो, फोटो झाल्या झाल्या थर्माकोल परत मागून घ्या. पुढच्या वर्षी फक्त नाव बदलायचं. वसावे की वसावा, ते तेव्हा बघू.