‘उत्क्रांती कुणी पाहिली?’ तासगावच्या बागेत विचारा

दहावीच्या पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सध्या एक मेसेज फिरतोय. माणूस माकडापासून झाला तर माकडं अजून का आहेत? उत्क्रांती होताना कुणी पाहिली? पेशीसारखी गुंतागुंतीची गोष्ट आपोआप होईल का? म्हणून पोरांनी उत्क्रांतीचा धडा मार्कांपुरता वाचावा, असा त्याचा निष्कर्ष. सांगली जिल्ह्यात तरी हा निष्कर्ष टिकत नाही.

आजच्या माकडापासून माणूस झाला, असं जीवशास्त्र म्हणतच नाही. चिंपांझी आणि आपला सामाईक पूर्वज साधारण 60 ते 70 लाख वर्षांपूर्वीचा. सज्जनगडावरची वानरं त्याच्याही कितीतरी आधी वेगळी झाली. चिंपांझीत 48 गुणसूत्रं, आपल्यात 46. मग एक जोडी गेली कुठे? आपल्या दोन नंबरच्या गुणसूत्रात ती सापडते. एरवी गुणसूत्राच्या टोकांना असणारे डीएनएचे तुकडे तिथं आतल्या भागात समोरासमोर जुळलेले आहेत. दोन गुणसूत्रं टोकाला टोक लागून चिकटल्याची ही खूण.

‘कुणी पाहिली?’ याचं उत्तर तासगाव, कवठेमहांकाळचे द्राक्षबागायतदार देतील. डावणी या द्राक्षवेलीवरच्या बुरशीसारख्या रोगावर एकाच गटाचं, म्हणजे एकाच पद्धतीनं काम करणारं औषध पुन्हापुन्हा मारलं की रिझल्ट येईनासा होतो, आणि गट बदलून फवारा असा सल्ला मिळतो. उदाहरणार्थ, स्ट्रोबिल्युरिन गटाची औषधं. ही औषधं डावणीच्या पेशीतल्या तंतुकणिकेत, म्हणजे पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या भागात, श्वसन बंद पाडतात. तिथल्या सायटोक्रोम बी या प्रथिनात 143 व्या जागी ग्लायसीन या अमिनो आम्लाऐवजी ॲलनीन आलं, की औषध धरतच नाही. त्यासाठी डीएनएचं एक अक्षर बदललं तरी पुरतं. हा बदल फवारणीमुळे होत नाही. कोट्यवधी बीजाणूंत एखाद्यात तो आधीच असतो. फवारणीनं बाकीचे मरतात, हा उरतो आणि दमट हवेत त्याचीच पिढी बागभर पसरते. ‘डावणीला औषधाची सवय झाली’ असं मुलं उत्तरात लिहितात, ते चूक. कुठल्याच बीजाणूला सवय झाली नाही. बागेतली डावणीची वस्ती बदलली. डार्विननं 1859 मध्ये मांडलेली नैसर्गिक निवड ती हीच.

यावर कुणी म्हणेल, डावणी शेवटी डावणीच राहिली, नवी जात कुठे झाली? झालेली आहे. इंग्लंडच्या किनाऱ्यावर स्थानिक आणि अमेरिकी स्पार्टिना गवताचा वांझ संकर झाला, त्याची गुणसूत्रं दुप्पट झाली आणि एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बी धरणारी नवी जात उभी राहिली.

राहिली पेशी. ती एका फटक्यात तयार झाली असं कुणाचंच म्हणणं नाही. तंतुकणिकेला स्वतःचं गोल डीएनए असतं. माणसात ते 16,569 अक्षरांचं, 37 जनुकांचं. ती जिवाणूसारखीच दुभागून वाढते. कधीकाळी स्वतंत्र असलेला जिवाणू दुसऱ्या पेशीत वस्तीला आला, हे अमेरिकी जीवशास्त्रज्ञ लिन मार्गुलिस यांनी 1967 मध्ये नेटानं मांडलं, आणि पुढे डीएनएनं त्याला दुजोरा दिला. पहिली पेशी कशी झाली हा वेगळा प्रश्न आहे, त्यावर काम चालू आहे. तो बाकी आहे म्हणून नंतरचे पुरावे खोटे ठरत नाहीत.

आणि मार्कांपुरतं म्हणाल, तर ज्यांच्या घरी बाग आहे त्यांनी यंदाच्या फळछाटणीनंतर फवारणीचं वेळापत्रक मुलांसमोर ठेवावं. लागोपाठ एकाच गटाचं औषध का घ्यायचं नाही, याचं उत्तर याच धड्यात आहे.