दुधी आणि पोसलेले वासरू

वयाची ७५ वर्षे पूर्ण झाली की धर्मग्रामाच्या, म्हणजे एका चर्चच्या हद्दीतल्या भाविकांच्या, प्रमुख धर्मगुरूने राजीनामा सादर करावा, असे चर्चचा कायदा सांगतो, आणि मी तो वेळेवर, अगदी आनंदाने सादर केला. आता वसईतल्या एका धर्मग्रामात मी अर्धनिवृत्त म्हणून राहतो. अर्धनिवृत्त म्हणजे अधिकार सगळे गेलेले आणि रविवारचे प्रवचन तेवढे मागे राहिलेले.

पहाटेच्या मिस्साला, म्हणजे चर्चमधल्या उपासनेला, मी उठलेच पाहिजे असे नाही. पण चर्चची घंटा माझ्या खोलीच्या बरोबर डोक्यावर आहे. १७३९ मध्ये वसई जिंकल्यावर मराठ्यांनी इथल्या चर्चच्या घंटा नेल्या, आणि त्यांतली एक भीमाशंकरला, एक नाशिकच्या नारोशंकराच्या देवळात आहे, हे लहानपणी ऐकताना मला वाईट वाटायचे. हल्ली पहाटे साडेपाचला वाटते, की हीदेखील कोणी नेली तर आपण अडवणार नाही.

त्या शुक्रवारी मिस्सा, सकाळची प्रार्थना आणि चहा आटोपून मी लिहायला बसलो. ईस्टरपूर्वीच्या उपवासकाळाचा चौथा रविवार तोंडावर आला होता आणि शुभवर्तमान, म्हणजे त्या दिवशीचा बायबलमधला उतारा, होते उधळ्या पुत्राचे: धाकटा मुलगा बापाकडून वाटा घेऊन तो उधळतो, पस्तावून परत येतो आणि बाप त्याच्यासाठी पोसलेले वासरू कापून मेजवानी देतो. रविवारची वाचने दर तीन वर्षांनी फिरून येतात. त्या हिशेबाने मी या मुलाला आजवर १५ वेळा तरी घरी परत आणलेला आहे. जुन्या वह्या कपाटात आहेत, परंतु त्यांतले काही उचलण्याची सोय नाही. मागे एकदा मी एका पश्चात्तापदग्ध कंडक्टरची गोष्ट सांगितली, तेव्हा पहिल्या बाकावरच्या आजी बाहेर थांबून म्हणाल्या, “फादर, मागच्या खेपेला त्याला दोन मुलं होती. आता तीन झाली वाटतं?” त्यातच पोप फ्रान्सिस यांनी जून २०२४ मध्ये बजावले, की प्रवचन ८ मिनिटांपेक्षा लांबवू नये, लोक झोपी जातात. पोपमहाशयांची बाकीची शिकवण आमच्या भाविकांना किती पाठ आहे ते देव जाणे, हा आकडा मात्र शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे.

बारापर्यंत कागदावर ‘प्रिय बंधुभगिनींनो’ एवढेच उतरले होते, तोच जेवणाची हाक आली. ताटात दुधी होता. साठीच्या आसपास उपवासाचे बंधन सुटते, शुक्रवारी मांस वर्ज्य असले तरी मासळी चालते, हे सारे मी आमच्या आचाऱ्याला कलमांसकट समजावले. तो म्हणाला, “देवाला चालतं हो फादर, पण डॉक्टरांना सुका बोंबील चालत नाही.” वर त्याने आणखी एक डाव दुधी वाढला.

पोटात दुधी घेऊन पोसलेल्या वासराच्या मेजवानीचे वर्णन करणे फार अवघड असते. दुपारी तो अध्याय पुन्हा वाचताना माझी नजर प्रथमच थोरल्या मुलावर ठरली. बिचारा दिवसभर शेतात राबून येतो, घरातून गाण्याबजावण्याचा आवाज ऐकतो आणि कारण कळल्यावर अंगणातच रुसून बसतो. इतकी वर्षे चाकरी केली, पण मित्रांबरोबर मौज करायला तुम्ही मला कधी करडूसुद्धा दिले नाही, असे तो बापाला सुनावतो. १५ वेळा मी या माणसाला व्यासपीठावरून मत्सरी ठरवले होते. आता त्याच्यासाठी माझी लेखणी अशी भरभर धावू लागली, की चार पाने भरल्यावरच मला घड्याळाची आठवण झाली. वाचून पाहिले, तर २२ मिनिटे. कापून कापून ते ९ मिनिटांवर आणले, आणि त्यात नेमके करडू गेले.

संध्याकाळची प्रार्थना झाल्यावर स्वयंपाकघरातून भांड्यांचा आवाज येऊ लागला. थोरला मुलगा शेवटी आत गेला की नाही, हे ती गोष्ट सांगणाऱ्या शुभवर्तमानकार लूकने लिहिलेले नाही. मी थोडा वेळ व्हरांड्यातच बसून राहिलो. मग आचारी स्वतः बाहेर आला, “फादर, चला ना, गार होतंय,” म्हणाला, आणि मी आत गेलो. दुधीच होता, फक्त या वेळी त्याने त्यात चण्याची डाळ घातली होती.