कडू दुधी औषध नाही आणि मीठ खत नाही

दसऱ्यानंतर परसबागेत काय काय करायचं, हे सांगणारा एक लांबलचक मेसेज सध्या आपल्याकडच्या सगळ्या ग्रुपांवर फिरतोय. बचतगटाच्या, पालकांच्या, भजनी मंडळाच्या. त्यात पाच गोष्टी सांगितल्यात. वेलाला राहिलेले कडू दुधी फेकू नका, त्यांचा रस उपाशीपोटी प्या, साखर आणि हृदय दोन्हीला उत्तम. गोगलगाय आणि तण जायला वाफ्यात जाड मीठ पसरा. वाळलेले वेल जागेवरच जाळा. सगळी पालेभाजी दसऱ्याच्याच दिवशी पेरा. आणि वेलाला शेवटी उरलेलं फळ बियाण्याला ठेवा. लिहिणाऱ्याचं नाव कुठेच नाही. "जुन्या जाणत्यांचं ज्ञान" एवढं मात्र ठळक अक्षरात आहे.

असल्या मेसेजांना मी एरवी उत्तर देत बसत नाही. पण परवा धाकट्या बहिणीचा फोन आला. तिला साखरेचा त्रास आहे, गोळ्या चालू आहेत. "अक्का, वेलाला चार-पाच दुधी राहिलेत, पण कडूजहर लागायलेत. ग्रुपवर आलंय की असलेच साखरेला चांगले. उद्या सकाळी रस काढून बघू का?" तिने विचारलं तरी. न विचारता पेला तोंडाला लावणाऱ्या किती जणी असतील, म्हणून हे लिहितेय.

आधी दुधीचंच बघू, कारण बाकीच्या चुकांनी फार तर वाफा खराब होईल. या चुकीने माणूस जाऊ शकतं.

दुधी, काकडी, दोडका, भोपळा या सगळ्या कुळात कुकरबिटासिन नावाची कडू विषारी द्रव्यं तयार होतात. झाड ती किडीपासून बचावासाठी बनवतं. आपण खातो त्या जाती पिढ्यान् पिढ्या निवडून गोड केलेल्या आहेत, त्यांच्यात हे द्रव्य नगण्य असतं. पण वेलाला ताण पडला की ते वाढू शकतं. आता आपल्याकडचा ऑक्टोबर आठवा. हस्ताचा पाऊस होऊन गेलेला, वर उन्हाचा तडाखा, काळ्या मातीला भेगा पडायला लागलेल्या, नळाला पाणी कधी येईल त्याचा भरवसा नाही. दुपारी दुधीची पानं मान टाकतात, वेल म्हातारा झालेला असतो आणि फळं निबर होईपर्यंत तशीच लटकत राहतात. म्हणजे ज्या दिवसांत दुधी कडू निघायची शक्यता जास्त, नेमक्या त्याच दिवसांत हा मेसेज तो प्यायला सांगतोय.

हे मी मनाने सांगत नाही. 2010 साली दिल्लीत एका शास्त्रज्ञाचा दुधी-कारल्याचा रस प्यायल्यावर मृत्यू झाला. त्यानंतर भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या तज्ज्ञ समितीने हा विषय तपासला आणि तिचा अहवाल 2012 मध्ये परिषदेच्याच इंडियन जर्नल ऑफ मेडिकल रिसर्चमध्ये छापून आला. त्यातला सल्ला कुणालाही कळेल इतका साधा आहे. रस काढण्याआधी दुधीचा छोटा तुकडा चाखून बघा. कडू लागला तर तो दुधी टाकून द्या. दुधीच्या रसात दुसरा कुठलाही रस मिसळू नका. आणि रस प्यायल्यावर मळमळ, उलटी, जुलाब किंवा अस्वस्थ वाटायला लागलं, तर लगेच दवाखान्यात न्या. या विषावर उतारा म्हणून वेगळं औषध नाही, डॉक्टर लक्षणं बघून उपचार करतात. पोटात आग पडते, उलट्या होतात, कधी उलटीत रक्त येतं, रक्तदाब एकदम खाली जातो.

आता मेसेजमधलं वाक्य वाचा: "कडू लागल्यास आवळा, पुदिना आणि काळं मीठ घाला, चव कळत नाही." समितीने दुसरा रस मिसळू नका असं सांगितलं, हे त्याच्या नेमकं उलट! जीभ कडू म्हणून सांगते, तीच आपली एकमेव राखण. ती झाकायची युक्ती हा माणूस शिकवतोय. भाजी कडू निघाली तर आपण पहिल्या घासाला ताट बाजूला सारतो. रस डोळे मिटून, औषध म्हणून, घटाघटा पितो. त्यामुळे भाजीपेक्षा रसात विष कितीतरी जास्त पोटात जातं.

पुढचं वाक्य तर वाचवत नाही. उलट्या-जुलाब झाले तर घाबरू नका, शरीरातली घाण बाहेर पडते आहे, रस चालू ठेवा, असं त्यात लिहिलंय. ज्या लक्षणांना दवाखाना गाठायचा, त्याच लक्षणांना घरात थांबून आणखी एक पेला प्यायचा! खेड्यात रात्री-बेरात्री गाडी मिळून तालुक्याच्या गावी पोचेपर्यंत आधीच वेळ जातो. त्यात "घाण निघतेय" म्हणून कुणी सकाळपर्यंत वाट बघितली तर?

कारलं कडू असून चालतं मग दुधी का नाही, असं बहिणीनेही विचारलं. कारलं कडूच असतं, तो त्याचा धर्म आहे आणि त्यातली कडू द्रव्यं वेगळी आहेत. दुधी गोड असायला हवा, तो कडू झाला म्हणजे त्यात काहीतरी बिघडलंय. शिजवून किंवा मीठ चोळूनही हे द्रव्य जात नाही. कडू कारलं तुपात तळलं, साखरेत घोळलं तरी कडू ते कडूच, ही म्हण इथे दुधीला जास्त लागू पडते. काकडीचा देठ कापून, चोळून फेस काढतात, त्यातल्या देठ कापण्याला थोडा आधार आहे, कारण काकडीचा कडूपणा बहुधा देठाकडे आणि सालीखाली जास्त असतो. तरीही अख्खी काकडी कडू निघाली तर तीही टाकायचीच.

एक गोष्ट मान्य करते. चांगल्या दुधीची भाजी साखरेच्या माणसाला खरंच चांगली, हलकी असते, पचते. मी स्वतः आठवड्याला करते. नख सहज रुतेल असा कोवळा दुधी घ्यायचा, देठाकडची पातळ चकती कापायची, जिभेच्या टोकाला लावायची. जराही कडवट वाटली तर थुंकून चूळ भरायची आणि तो दुधी सरळ टाकायचा. हिरवा, तुकतुकीत, देखणा दुधीसुद्धा कडू असू शकतो, नुसतं बघून कळत नाही.

आता मीठ. गोगलगायीचा राग मला समजतो. 2022 च्या पावसाळ्यात लातूर-बीडकडे शंखी गोगलगायींनी सोयाबीनची रोपं रातोरात खाल्ली, पेरण्या मोडाव्या लागल्या, ते कुणी विसरलेलं नाही. मिठाने गोगलगाय मरते हेही खरं. पण ती वेचून मिठाच्या किंवा साबणाच्या पाण्यात टाकायची, वाफ्यात मीठ पसरायचं नाही. संध्याकाळी गुळाच्या पाण्यात भिजवलेलं गोणपाट वाफ्याकडेला अंथरून ठेवा, सकाळी त्याखाली जमलेल्या गोगलगायी हातमोजे घालून वेचा. परसबागेएवढ्या जागेला हे पुरतं.

मातीत टाकलेलं मीठ कुठे जात नाही. त्यातल्या सोडियममुळे काळ्या मातीचे कण सुटे होतात, वरून पापुद्रा धरतो, पाणी मुरत नाही, वाळली की दगड. आपल्याकडे अशा जमिनीला चोपण म्हणतात आणि ती सुधारायला जिप्सम, शेणखत, चर काढून निचरा, असं किती काय करावं लागतं ते ज्यांच्या शेतात आहे त्यांना विचारा. मुळात अनेकांच्या बोअरचं पाणीच खारट. त्यात हे आणखी. कोकणात नारळाला मीठ घालतात असा दाखला मेसेजमध्ये दिलाय. घालतात. पण नारळ खारं सोसणारं झाड आहे आणि तिथे धो-धो पाऊस ते धुऊन नेतो. आपल्या मेथी-घेवड्याला हे सोसणार नाही.

वेल जाळण्याबद्दल फार लिहायची गरज नाही. राखेत पालाश, म्हणजे पोटॅश, असतं, बरोबर. पण मराठवाड्याच्या काळ्या जमिनीत पालाश सहसा भरपूर असतं आणि ती आधीच विम्लतेकडे, म्हणजे आम्लाच्या उलट बाजूला, झुकलेली असते. तिला हवा सेंद्रिय कर्ब आणि नत्र, आणि जाळल्यावर नेमके तेच धुरात जातात. धड वेल बारीक तोडून खड्ड्यात घाला, वर शेण-माती टाका. ज्या झाडाच्या मुळांवर सूत्रकृमीच्या, म्हणजे मातीतल्या बारीक जंतांच्या, गाठी दिसतील ते मात्र मुळासकट उपटून परसबागेबाहेर काढा. केवडा, म्हणजे पानांच्या शिरा पिवळ्या पडायचा रोग, झालेली भेंडीही लवकर उपटा, कारण पांढरी माशी तिच्यावरून रोग दुसऱ्या झाडावर नेते.

दसऱ्याच्याच दिवशी पेरा, हेही उगाच. मुहूर्त धरायचा तर धरा, माझी ना नाही. फक्त दसरा कधी सप्टेंबरअखेर येतो, कधी ऑक्टोबर संपत आल्यावर, तेव्हा माती बघा. गाजर आणि पालकाचं बी तापलेल्या मातीत नीट उगवत नाही, रात्री गार व्हायला लागल्या की टाका. मेथी थोडी आधी चालेल. धणे रगडून दोन फाका करून मगच पेरा.

राहिलं बियाणं. शेवटी उरलेलं फळ म्हणजे बहुधा थकलेल्या वेलाचं, कीड लागलेलं, कुणी तोडलं नाही म्हणून राहिलेलं. बी धरायचं ते निरोगी, भरघोस वेलावरच्या सुरुवातीच्या चांगल्या फळाला खूण बांधून. तेही जात सरळ असेल तर. परभणीच्या कृषी विद्यापीठाची परभणी क्रांती भेंडी असेल तर तिचं बी घरी धरता येतं, पण संकरित पाकिटातल्या भेंडीचं बी पुढच्या वर्षी तशीच भेंडी देईल याचा नेम नाही. आणि दुधी-भोपळ्यात मधमाशा या वेलाचा पराग त्या वेलावर नेतात. शेजारच्या कुंपणावर तुंब्याचा कडू भोपळा चढलेला असेल तर पुढच्या पिढीत कडूपणा उतरू शकतो, आणि हे फळ चाखेपर्यंत कळत नाही. म्हणून बहिणीला तो अख्खा वेल उपटायला सांगितलाय, आणि त्याचं एकही बी घरात ठेवायचं नाही, शेजारणीला द्यायचं नाही.