गुरुजींचा हुरूप कसा उतरवावा

तुमच्या वाडीवरच्या शाळेतली पोरं हल्ली गणितात फार पुढे चालली आहेत, असं कानावर आलं. घाबरू नका, इलाज आहे. दुखण्याचं मूळ म्हणजे तुमचे नवे गुरुजी. परभणीकडचे, शिक्षकभरतीच्या पवित्र पोर्टलवरून आलेले. समुद्र पहिल्यांदा इथेच पाहिला. पण माणूस हौशी. होडी हाकणाऱ्या तांडेलाच्या पोरीकडून त्यांनी भरतीचा हिशेब शिकून घेतला, तिथीची पाऊणपट म्हणजे पूर्ण भरतीची वेळ, आणि तोच फळ्यावर मांडून चौथीला अपूर्णांक शिकवले. चतुर्थीला तीन, षष्ठीला साडेचार. पोरं आता घरी आजोबांचे हिशेब तपासतात. उद्या ग्रामनिधीचे तपासतील.

पगाराला हात लावायची गरज नाही, तिथे शासन पुरेसं आहे. शिक्षणसेवकाला पहिली तीन वर्षं महिना 16,000 रुपये मानधन, तेही 2023 पासून. आधी 6,000 होतं. तुम्ही त्यांच्या वेळेला हात घाला. मतदारयाद्या द्या, तांदळाचा साठा मोजायला लावा, खिचडीचा फोटो रोजच्या रोज मागा. शाळेत रेंज नसते, त्यामुळे गुरुजी मागच्या कातळावर चढून मोबाईल उंच धरून उभे राहतात आणि खाली चार इयत्तांच्या एकाच वर्गात पाऊणकी (पाऊणचा पाढा) निमकीवर, म्हणजे अर्ध्यावर येते. शिक्षण हक्क कायद्याचं 27वं कलम जनगणना, आपत्ती आणि निवडणूक सोडून शिक्षकाला दुसरं काम देऊ नका म्हणतं खरं. पण कायदा झाला 2009 साली. तुमच्या वाडीपर्यंत एसटी तरी कुठे वेळेवर येते?

मग गणपतीत चाकरमानी आले की देवळात बैठक लावा. ज्यांची पोरं मुंबईत इंग्रजी शाळेत आहेत त्यांनाच आधी बोलू द्या. ‘गुरुजी, तुमचं बरं आहे हो, दिवाळीची सुट्टी, मे महिन्याची सुट्टी!’ हे पोरांच्या देखत व्हायला हवं. घरी सांगितलेलं ती विसरतात, गुरुजींचा उतरलेला चेहरा विसरत नाहीत.

गुण आला की नाही, हे कसं ओळखायचं? गुरुजी आरडाओरडा करणार नाहीत. शिकवतीलही. फक्त चुकलेल्या पोराला ‘असं का केलंस, सांग बघू’ म्हणून विचारायचं सोडतील. उत्तर फळ्यावर लिहितील, पोरं उतरवून घेतील. वह्या देखण्या होतील. केंद्रप्रमुख शेरा मारतील, ‘समाधानकारक’. तांडेलाची पोर पहिल्या बाकावरून तिसऱ्यावर जाईल आणि तिला तिथून कुणी पुढे बोलावणार नाही. (हे मला फार आवडतं. खर्च शून्य.)

पुढे ते आंतरजिल्हा बदलीचा अर्ज भरतील. भरू द्या. त्यांच्या जागी शेजारच्या शाळेतल्या बाईंना कामगिरीवर, म्हणजे तात्पुरत्या नेमणुकीवर आणा, म्हणजे एका कागदात दोन शाळांचा हुरूप उतरतो.

दहावीची काळजी नको. 2012 साली वेगळं मंडळ झाल्यापासून कोकण विभाग राज्यात पहिला येतोच. बॅनरवर तुमचा फोटो मोठा घ्या. आणि चाचणीत तुमच्याच चौथीला वजाबाकी आली नाही, तर गुरुजींना नोटीस काढा: खुलासा तीन दिवसांत, दोन प्रतींत, वर्ग चालू असल्याच्या फोटोसह अपलोड करावा.